कर्ता क्रमांक सहा

१४ ऑक्टोबर १९९६, सोमवार. जळगाव

पुण्याचे गाईड म्हणाले, संशोधनाची नोंदवही वेगळी ठेवा आणि मनातली वेगळी, कारण पहिलीत शंका दिसली की परीक्षक तिलाच धरून बसतात. म्हणून ही दुसरी वही. हिच्यात वाटेल ते लिहीन.

विषय मंजूर झाला एकदाचा. मी प्रा. पितांबर चौधरी (हे नाव ठेवणाऱ्या आजोबांचा मला अजून राग येतो). इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो, चार वर्षं झाली, पण तात्पुरता. दर जूनला नवी ऑर्डर, दर मेमध्ये संस्थेच्या ऑफिसात खेटे. पीएच.डी.चं काम दिसलं तर कायम करू असं संस्थेनं तोंडी सांगितलं आहे. तोंडी.

विषय असा, की कुठल्याही संस्थेसाठी प्रोग्रॅम लिहिण्याआधी तिथल्या माणसांना काय हवंय एवढंच विचारायचं नाही, का हवंय तेही विचारायचं. मग आकृती काढायची. माणूस म्हणजे कर्ता, त्याला गोल. कोण कशासाठी कोणावर अवलंबून, त्याचा बाण. मोजता येतं ते पक्कं ध्येय. मोजता येत नाही, म्हणजे मान, न्याय, समाधान वगैरे, ते मऊ ध्येय, आणि त्याला चक्क ढग काढायचा. परदेशात यावर मोठं काम चाललंय. माझ्याकडे सत्तर पानांचा झेरॉक्स आहे, पैकी नऊ पानं काळी आली आहेत.

सुनंदाला समजावून सांगितलं. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "म्हणजे कोण कोणाच्या जिवावर आहे ते काढायचं. त्याला कागद कशाला लागतो?"

बायकोला विषय सांगू नये हे गाईडांनी सांगायला हवं होतं.

२३ ऑक्टोबर

संस्था मिळाली. भुसावळच्या अलीकडे स्टेशनाला लागून केळी उत्पादकांचा संघ आहे. सभासदांचे घड रेल्वेच्या वॅगनीतून दिल्लीला जातात. कोणाचा माल कोणत्या दिवशी चढणार याची यादी लागते, तिला सगळे नंबर म्हणतात. नंबर आला की बाग कापायची. केळी काही थांबून राहत नाही, त्यामुळे अख्ख्या गावाचं लक्ष त्या यादीवर.

चेअरमन जीवराम आबा. पांढरं धोतर, आवाज इतका हळू की आपणच पुढे वाकतो. ते आमच्या कॉलेजच्या संस्थेवरही आहेत, हा एक योगच म्हणायचा. त्यांनी संघासाठी कॉम्प्युटर घेतलाय. परवा दसऱ्याला त्याची पूजा झाली, मॉनिटरवर झेंडूची माळ अजून तशीच. सुरू कोणी करत नाही.

आबा म्हणाले, "सर, यादीचा प्रोग्रॅम करून द्या. दिवाळीनंतर जमेल?"

मी म्हटलं, "आबा, आधी ही यादी तुम्हाला का हवी आहे ते समजून घ्यावं लागेल."

 आबांनी चहा मागवला.

७ नोव्हेंबर

आबांची मुलाखत. शब्दशः उतरवतो.

"संघ चालवण्यामागं तुमचं ध्येय काय?"

"सेवा."

"का?"

"सेवेला का विचारतात का कोणी?"

झेरॉक्समध्ये लिहिलंय, का हा प्रश्न निदान पाच वेळा विचारा, वरवरची उत्तरं गळून पडतात. मी परत विचारलं. आबांनी शांतपणे माझे आईवडील कुठले, मामा कोण, सासुरवाडी कुठली हे विचारलं. मी सगळं सांगितलं. अर्ध्या तासानं लक्षात आलं की मुलाखत माझीच झाली. नोंदवहीत लिहिलं आहे: कर्ता १, ध्येय: सेवा (ढग).

२६ नोव्हेंबर

संघात नोकर सात. पाच जणांनी ध्येय सांगितलं, "आबा म्हणतील ते." शिपाई मगन म्हणाला, "सर, तुमच्या डोक्यात जे ध्येय असेल ते माझ्या नावावर टाका, मी नाही म्हणणार नाही."

वॅगनी भरणाऱ्या टोळीचा मुकादम इसाक. तो उभ्यानंच बोलला, मागं हमाल खोळंबले होते.

"घड उन्हाच्या आधी डब्यात गेला पायजे. बस."

"का?"

"नाहीतर पिकतो."

"पिकला तर काय होतं?"

इसाकनं मला खालून वर पाहिलं. "सर, तुम्ही जळगावचेच ना?"

अडाणी माणसांशी पद्धतशीर बोलणं किती अवघड आहे हे प्रस्तावनेत लिहायला हवं.

१२ डिसेंबर

आज मन भरून आलं. दोन महिने आबा भेटले की प्रोग्रॅमचं काय झालं विचारायचे. मला तोंड लपवायची वेळ यायची, कारण एक ओळही लिहिलेली नाही. आज मी त्यांना अर्धवट आकृती दाखवली: गोल, बाण, कोण कोणावर अवलंबून. आबांनी चष्मा लावला. एकेका बाणावरून बोट फिरवलं.

"हे सगळ्यांचं काढणार?"

"सगळ्यांचं."

"मनात काय आहे तेही?"

"तेच तर महत्त्वाचं, आबा."

"मग प्रोग्रॅमची घाई नाही," आबा म्हणाले. "आधी हे बाणांचं पुरं करा. काही लागलं तर जीप न्या."

मोठमोठ्या कंपन्यांना जे कळत नाही ते या सातवी पास माणसाला कळलं. घरी येऊन सुनंदाला सांगितलं. ती म्हणाली, "मेमध्ये संघाची निवडणूक आहे ना?" तिचे वडील तलाठी होते, त्यामुळे तिला प्रत्येक गोष्टीत निवडणूक दिसते. माझा मूड गेला.

८ जानेवारी १९९७

पद्धत चालते. पद्धत चालते. हे मी दोनदा लिहितोय, कारण अडीच महिने मला आतून वाटत होतं की चालत नाही.

लोटनभाऊ हे संघाचे सेक्रेटरी. मूळचे शिंदखेड्याकडचे, बायको आणि दोन मुलींसह संघाच्याच क्वार्टरमध्ये राहतात. ऑफिसात आपल्यासारखं बोलतात, चिडले की अहिराणीत शिरतात. यादी तेच लिहितात, रेल्वेशी पत्रव्यवहारही तेच करतात.

"तुमचं ध्येय?"

"यादी बिनचूक लिहिणं."

"का?"

"चुकली तर बोलणी बसतात."

"बोलणी का नकोत?"

"ज्याचा नंबर गेला तो समोर येऊन बसतो. काही बोलत नाही. नुसता बसतो."

"मग तुम्हाला का त्रास होतो?"

तिसऱ्या 'का'ला लोटनभाऊंनी पेनाला टोपण लावलं, उठून दार लोटलं. चौथा मी विचारलाच नाही, ते आपणहून बोलले. म्हणाले, "सर, मी लिहितो तेव्हा यादी बिनचूकच असते. ती आबांकडे सहीला जाते आणि परत येते तेव्हा वरची नावं खाली आलेली असतात. लहान बागा सदतीस आहेत. त्यांचा नंबर कायम शेवटी. गेल्या उन्हाळ्यात निम्म्यांची केळी झाडावरच पिकली. अक्षर माझं असतं, म्हणून शिव्या मला. आणि बरोबर देतात."

मग त्यांनी आवाज आणखी खाली आणला. हे सदतीस जण आपला वेगळा संघ काढणार आहेत. बोदवड स्टेशनावरून माल चढवायचा. नोंदणीचा अर्ज मार्चअखेरीस द्यायचा. कमीत कमी दहा बागायतदारांच्या सह्या आणि केळी लागलेले सातबारे हवेत, ते आरामात होईल. फक्त तोवर आबांना कळता कामा नये, नाहीतर ते एकेकाला बोलावून फोडतील, आणि लोटनभाऊंची नोकरी आणि क्वार्टर एकाच दिवशी जाईल.

"अकरा वर्षांत मला कोणी का विचारलं नव्हतं, सर," ते म्हणाले. "कोणाला सांगू नका."

मी म्हटलं, "संशोधनात नाव येत नाही, लोटनभाऊ. क्रमांक येतो."

त्यांना हायसं वाटलेलं मी पाहिलं. परतताना एसटीत इतका आनंदात होतो की शेजारच्या माणसाला पाच 'का'ची पद्धत समजावून सांगितली. नाव अर्थातच सांगितलं नाही.

१० जानेवारी

लोटनभाऊंनीच धुरपदाबाईंकडे पाठवलं. दीड हजार खोडं केळीची, बाग त्या एकट्या पाहतात. मला बांधावर बसवलं.

"मले काय इच्यारता? त्या झाडाले इच्यारा," म्हणाल्या. "घड तयार झाला की त्याले उद्या म्हनता येत नाही. गेल्या साली माहा नंबर अकरा दिवसांनी आला. निम्मी बाग शेळ्यांनी खाल्ली. शेळ्या लई खूश व्हत्या."

"वॅगन वेळेवर मिळाली तर तुम्हाला काय वाटेल?"

"काय वाटन? माल जाईन."

मी ढग काढून त्यात लिहिलं: समाधान. त्यांनी विचारलं हे काय. म्हटलं ढग. त्या म्हणाल्या, "ह्या ढगाले पानी नाही," आणि पाट फिरवायला गेल्या.

२ फेब्रुवारी

अहवाल लिहून होत आला. आकृती अकरा म्हणजे माझ्या चार महिन्यांचं फळ आहे. कर्ता क्रमांक चार: वॅगनची यादी करतो, रेल्वेशी पत्रव्यवहार करतो. पक्कं ध्येय: मार्चअखेर लहान बागायतदारांच्या वेगळ्या संघाची नोंदणी, बोदवड. मऊ ध्येय: न्याय. त्यावर अवलंबून सदतीस कर्ते, तिकडून आलेले सदतीस बाण. कागदावर मोराचा पिसारा दिसतो.

सुनंदानं पाहिलं. "चार नंबर लोटनभाऊ ना?"

मी हबकलो. "कशावरून?"

"यादी दुसरं कोण करतं?"

मी चार खोडून सहा केलं.

"आता सहा नंबर लोटनभाऊ," ती म्हणाली. "सात माणसांच्या ऑफिसात क्रमांक कशाला घालता? आणि कोणी काय काम करतं ते लिहिलंय खाली."

"ते परीक्षकांना लागतं."

"आबा परीक्षक आहेत का?"

अहवालाची एक प्रत संघाला द्यायची हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं. त्यांनी सहकार्य केलंय, जीप दिलीय. तिला संशोधनाची शिस्त कळत नाही हे मी तिला सांगितलं. जेवताना वरण वाढताना तिनं डाव आपटला.

इथं खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहितो. संघाच्या प्रतीतून अकरावी आकृती काढता येईल. आजच काढता येईल. पण मग उरतं काय? बाकी दहा आकृत्यांत सगळे बाण मुकाट आबांकडे जातात आणि सगळ्यांच्या ढगात सेवा लिहिलंय. ही एकच आकृती जिवंत आहे. आबांसारख्या जाणकारानं ती पाहावी, नि मी नुसता बसून नव्हतो हे त्यांना कळावं, असं वाटतं. शिवाय क्रमांक आहेच.

२४ फेब्रुवारी

अहवाल दिला. आबांनी तिथंच बसून वाचला, पाऊण तास. गाईडांनीसुद्धा इतकं बारीक वाचलं नव्हतं. अकराव्या आकृतीवर ते थांबले. बोटानं सदतीस बाण मोजले, ओठ हलत होते.

"हा सहा नंबर फार गुणी माणूस दिसतो," ते म्हणाले.

मी म्हटलं, "आबा, नावं उघड करता येत नाहीत."

"छे, छे. विचारतंय कोण?" आबा हसले. मग म्हणाले, एक एप्रिलला कॉलेजच्या कमिटीची बैठक आहे, तुमचं कायमचं काम तेव्हा मार्गी लावू. मगनला हाक मारून माझ्या पिशवीत दोन फण्या टाकायला लावल्या.

आज झोप चांगली लागेल असं वाटतं.

४ मार्च

लोटनभाऊंना कामावरून काढलं. कारण दिलं, रेल्वेच्या पत्राला उत्तर उशिरा पाठवलं. क्वार्टर आठ दिवसांत खाली करायला सांगितलंय. मगननं कॉलेजात फोन करून सांगितलं आणि विचारलं, "सर, आता माझं ध्येय काय लिवलंय ते बघून सांगता का?"

पत्राला उशीर झालाही असेल. अशी योगायोगाची उदाहरणं असतात. मी दिवसभर अशी उदाहरणं आठवत बसलो, एकही आठवलं नाही.

११ मार्च

आज गेलो. जायचं नव्हतं, सुनंदानं डबा भरून हातात दिला आणि दार उघडून उभी राहिली.

लोटनभाऊ बाजारपेठेत दोन खोल्यांत राहायला गेले आहेत. मुली गोणपाटावर बसून अभ्यास करत होत्या. त्यांनी मला बसा म्हटलं नाही. कोनाड्यातून एक झेरॉक्स काढून पुढे धरला. आकृती अकरा. सहा नंबरच्या गोलाला कोणीतरी लाल पेन्सिलीनं आणखी एक गोल काढला होता.

"हाऊ कागद तुमना शे का?"

मी हो म्हटलं. वर म्हटलं, "पण क्रमांक होता हो, लोटनभाऊ. नाव कुठंच नाही."

"मी तुमले भाऊ समजीसन सांगेल व्हतं," ते म्हणाले. "बठ्ठं, सगळं."

एवढंच. मग ते परत आपल्यासारखं बोलायला लागले आणि ते जास्त लागलं. आबांनी सदतीस जणांना एकेकटं बोलावलं. कोणाला ओरडले नाहीत. प्रत्येकाला विचारलं, तुमचा नंबर पहिल्या आठवड्यात धरू का? अठ्ठावीस जणांनी, आम्ही त्यात नव्हतोच, असं लिहून दिलं. नऊ उरले, धुरपदाबाई धरून. दहा लागतात. मार्चअखेर नोंदणी झाली नाही तर रेल्वेकडे या हंगामासाठी वॅगनींची मागणी करता येणार नाही, आणि आबांच्या यादीत या नऊ जणांचा नंबर आता लागणारच नाही. म्हणजे यंदा निम्मी नाही, पूर्ण बाग शेळ्यांना.

मी डबा खाली ठेवला, घरी आलो आणि सुनंदाला हे सगळं सांगितलं. मला माझी लाज वाटली. दुसरा शब्द शोधत होतो, सापडला नाही.

२० मार्च

धुळ्याच्या चर्चासत्रासाठी निबंध घेतला गेला आहे. प्रोजेक्टरच्या पारदर्शक शीटवर आकृत्या काढतोय. अकरावी घ्यायची की नाही? गाईड फोनवर म्हणाले, तीच तर घ्या.

सुनंदा आज दिवसभर बोदवडला भावाकडे जाऊन आली. तिच्या वडिलांनी तिच्या नावावर तिथं सव्वा एकर केलेलं आहे, विहिरीवर, भाऊच करतो. मी विचारलं कशाला गेली होतीस. म्हणाली, "बघून आले शेत." मला शीटवरचे बाण पुसट आल्याची काळजी होती, पुढं काही विचारलं नाही.

२९ मार्च. धुळे

निबंध वाचला. उत्तेजनार्थ पारितोषिक मिळालं, नारळ आणि शाल. ढगाची आकृती लोकांना फार आवडली.

शेवटी मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी हात वर केला. "छान. पण पुढं त्या संस्थेचं काय झालं?"

मी म्हटलं, "तो या अभ्यासाच्या मर्यादेबाहेरचा भाग आहे."

टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी मान डोलावली.  नंतर त्या प्राध्यापकांना टाळून जेवायला बसलो. एसटी स्टँडवर लोकांच्या अहिराणीत मला सारखा लोटनभाऊंचा आवाज येत होता. शाल पिशवीत कोंबली.

२ एप्रिल

आबांनी संघात बोलावलं. टेबलावर एक कागद होता, नोंदणी ऑफिसातून आणलेली अर्जाची नक्कल. दहा सह्या.

"दहावं नाव वाचा, सर."

सौ. सुनंदा पितांबर चौधरी, बोदवड, सव्वा एकर, केळी.

मला खरोखर माहीत नव्हतं. आबांनी माझा चेहरा नीट पाहिला आणि त्यांना ते पटलं. म्हणून रागावले नाहीत, उलट पाठीवर हात ठेवला. म्हणाले, बायकामाणसांना कोणी काही सांगतं, त्या सही करतात. दुसरा टाइप केलेला कागद दिला: माझी सही गैरसमजातून झाली, ती मागे घेते. खाली जागा मोकळी. काल कमिटीची बैठक झाली, माझी ऑर्डर तयार आहे, त्यांच्या खणात आहे. "उद्या हा कागद सही करून आणा आणि ऑर्डर घेऊन जा," म्हणाले.

घरी आलो. सुनंदा भाकरी करत होती. मी कागद तिच्यासमोर धरला. तिनं पिठाच्या हातानं न धरता, मान वाकडी करून वाचला.

"मला विचारायचं तरी होतं," मी म्हटलं.

"तुम्ही काय सांगितलं असतं?"

"एक एप्रिल होऊ दे म्हटलं असतं."

"माहीत होतं. म्हणून नाही विचारलं." तिनं भाकरी उलटली. "आता सांगा. सही करायला सांगताय का तुम्ही मला? सांगताय तर तसं तोंडानं म्हणा, तो कागद नका दाखवू."

मी खुर्चीवर बसलो. चार वर्षांचे मे महिने डोळ्यांसमोर आले. मला ती ऑर्डर हवी आहे, फार हवी आहे. करार संपला की बापासमोर कोणत्या तोंडानं उभा राहू असं दर उन्हाळ्यात वाटतं ते आता एकदाचं संपावं असं वाटतं. हे सगळं मी तिला सांगितलं, अगदी असंच. ती ऐकत होती. शेवटी मी म्हटलं, "नको करू सही."

भाकरी थोडी करपली होती. आम्ही दोघांनी तीच खाल्ली.

३ एप्रिल

संघात गेलो. आबांसमोर धैर्यानं काहीतरी बोलायचं असं रस्ताभर ठरवलं होतं, दोन वाक्यं पाठही केली होती. प्रत्यक्षात म्हणालो, "आबा, ती ऐकत नाही."

आबांनी बिनसहीचा कागद परत घेतला. "तुमचं घरात चालत नाही तर, सर."

"नाही चालत," मी म्हटलं.

हे बोलून मला जरा बरं वाटलं आणि जरा वाईट. बायकोच्या पदराआड उभं राहून मी आयुष्यातलं पहिलं चांगलं काम केलं. आबांनी खण उघडला नाही. कॉलेजातून दुपारी चिठ्ठी आली, जूनपासून पुन्हा अकरा महिन्यांची ऑर्डर, तात्पुरती. मला वाटलं होतं तीही जाईल. तेवढी त्यांनी ठेवली. त्यांना मी अजून उपयोगाचा वाटतो की काय, याची मात्र भीती वाटली.

१८ मे

संघाची निवडणूक झाली. आबा बिनविरोध. अठ्ठावीस जणांचे नंबर पुन्हा शेवटी गेले असं मगननं सांगितलं. त्याची स्वतःची नोकरी शाबूत आहे. त्याचं ध्येय मी अहवालात सेवा असंच टाकलं होतं.

गाईडांचं पत्र: निबंध परदेशी पाठवू, संस्थेच्या सद्यःस्थितीवर एक परिच्छेद जोडा.

१२ जून. बोदवड

नव्या संघाची पहिली वॅगन आज लागली. सुनंदाच्या बागेचेही घड होते म्हणून दोघं आलो. धुरपदाबाई बैलगाडीवर घडांच्या मागं बसून आल्या, केळीच्या पानांचे भारे बरोबर. इसाक आपली निम्मी टोळी घेऊन आलाय, भुसावळचं काम सोडून. त्याला कारण विचारायचा मोह झाला होता, आवरला.

लोटनभाऊ डब्याच्या दाराशी पाटीवर नंबर लिहून उभे होते. दहा नावं, एकही खाडाखोड नाही. सुनंदाला म्हणाले, "अक्का, सावलीत बसा."  मी जवळ जाऊन सॉरी म्हटलं. इंग्रजी शब्द आहे, लवकर उरकतो म्हणून तोच वापरला. त्यांनी मान हलवली आणि पुढचा घड मोजला.

दुपारपर्यंत डबा भरला. धुरपदाबाईंनी दाराची कडी आपल्या हातानं ओढून पाहिली, पक्की आहे का. लोटनभाऊ पाटी बगलेत धरून रुळाकडं पाहत होते. तोंडावर काय होतं ते मला कळेना, आनंद होता, दमणूक होती, की मुलींच्या शाळेची काळजी होती. मी शेजारी जाऊन उभा राहिलो.

"कसं वाटतंय, लोटनभाऊ?"

त्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं. मी पेन कधी काढलं होतं मला खरंच आठवत नाही.

"ते खिशात ठेवा, मग सांगतो."

मी ठेवलं. टोपण लावून, नीट. त्यांनी मला ठेवू दिलं, खिशाकडं एकदा पाहिलं.

"नाही सांगत, सर," ते म्हणाले, आणि गार्डला सही द्यायला गेले.